ट्रंक कॉल, प्रॉक्सी आणि न आलेला मेसेज

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘बेसिकली’ आणि ‘म्हणजे कसं’ गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. कोड ऐकून कुणालाच काही कळत नाही, म्हणून भागात वाचला नव्हता. इथेही तो शब्दांतच आहे.)

[००:००]

आज मागे वाऱ्याचा आवाज येईल, कारण रेकॉर्डिंग घरून करतोय, रेवदंड्यावरून, आणि खिडकी लावली की उकडतं. सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकून अर्धे जण भाग बंद करतील: इव्हेंटवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधून प्रॉक्सीमार्फत कनेक्शन कसं करायचं. पण थांबा जरा. यात माझा एक बग आहे, आणि त्या बगमुळे माझे काका बोटीत बर्फ भरून समुद्रावर निघायच्या तयारीत होते.

काका तांडेल आहेत. चार सिलिंडरची बोट, सोबत खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा झाली की खरा हंगाम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्याकडे लाइट गेली, टॉवर गेले, मुरूड-श्रीवर्धनकडे तर दिवसेंदिवस फोन नव्हता. तेव्हापासून हवामानाची बातमी वेळेवर मिळणं हा आमच्या घरात गप्पांचा विषय राहिला नाही. इशारे देणारे लोक काम चोख करतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते, उंच लाटांचा इशारा देते, मासळी कुठे मिळेल तेही सांगते. हवामान खातं मच्छीमारांसाठी वेगळा इशारा काढतं. मी फक्त एक छोटा बॉट लिहिला होता: दर अर्ध्या तासाने हे इशारे बघायचे, काही बदललं असेल तर टेलिग्रामवर मराठीत दोन ओळी टाकायच्या. काकांच्या आणि आणखी काही तांडेलांच्या फोनवर टेलिग्राम मीच टाकून दिलं.

बॉट चालायचा ओळखीच्या एका ठिकाणच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर. तिथून बाहेरच्या इंटरनेटवर जायची वाट एकच, प्रॉक्सी सर्व्हर. आणि रोज पहाटे ५ वाजता बॉट स्वतःहून एक ओळ टाकायचा: ‘बॉट चालू आहे.’ मला वाटलं, वा, काय डोकं लावलंय.

एका रात्री इशारा निघाला. बॉटने तो पाठवला नाही. पहाटे ५ वाजता मात्र नेमाने ओळ आली, ‘बॉट चालू आहे’. काका बंदरावर गेले, बर्फ भरला. तिथे दुसऱ्या एका तांडेलाने सांगितलं, ‘अरे, तीन नंबरचा बावटा लागलाय, कुठं चाललास?’ काका परत आले. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘मेसेज नाय आला म्हंजे वारा नाय, असा समजाचा का आमी?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी बॉट तसाच लिहिला होता. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक.

[०३:२०]

आता यात प्रॉक्सी कुठे आली ते बघू. त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसांना एक प्रश्न विचारा: ट्रंक कॉल कसा लावायचात?

आपल्यापैकी कुणी तो लावलेला नाही. भारतात थेट डायल करायची एसटीडी सोय १९६० मध्ये कानपूर-लखनौपासून सुरू झाली, गावोगाव पोचायला मात्र कितीतरी वर्षं गेली. तोपर्यंत मुंबईला बोलायचं तर आधी एक्स्चेंजला फोन लावायचा. ऑपरेटर उचलणार. त्याला सांगायचं, मुंबईचा अमुक नंबर द्या. साधा, अर्जंट की लाइटनिंग, तेही सांगायचं, त्याप्रमाणे पैसे. मग रिसीव्हर ठेवून द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं. कधीतरी घंटी वाजणार आणि ऑपरेटर म्हणणार, ‘बोला’. त्यानंतर ऑपरेटर मध्ये नाही. तुम्ही आगरीत बोला नाहीतर गुजरातीत, त्याला देणंघेणं नाही.

प्रॉक्सी म्हणजे हाच ऑपरेटर. वेबसाठीच्या प्रॉक्सीला आपण एक ओळ पाठवतो, तिचा पहिला शब्द ‘कनेक्ट’, पुढे ज्या सर्व्हरशी बोलायचंय त्याचं नाव आणि पोर्ट, बहुतेक वेळा ४४३. शेवटी एक रिकामी ओळ. प्रॉक्सी पलीकडे फोन लावते आणि २०० हा आकडा असलेली ओळ परत देते. हेच ते ‘बोला’. ४०७ आला तर आधी ओळख सांगा, पासवर्ड द्या. ४०३ आला तर हा नंबर लावायची परवानगी नाही. (कॉलेजात बरेचदा स्क्विड नावाची प्रॉक्सी असते. तिच्या मूळ सेटिंगमध्ये ‘कनेक्ट’ने फक्त ४४३ ला जाता येतं. दुसऱ्या पोर्टवरचं काही चालत नाही म्हणून हॉस्टेलमध्ये किती रात्री डोकं फोडलं असेल, विचारू नका.)

दुसरा प्रकार सॉक्स. त्याची पाचवी आवृत्ती मार्च १९९६ मध्ये आरएफसी १९२८ म्हणून लिहिली गेली, ती आजही तशीच चालते. तिथे ओळी नसतात, मोजके बाइट असतात. आपण पाठवतो ०५ ०१ ००, म्हणजे ‘पाचवी आवृत्ती, ओळख पटवायची माझ्याकडे एकच पद्धत आहे, ती म्हणजे काहीच नाही’. प्रॉक्सी म्हणते ०५ ००, चालेल. मग आपण पत्ता देतो, ती लावून उत्तर देते. उत्तरातला दुसरा बाइट शून्य असेल तर काम झालं. ५ असेल तर पलीकडच्याने कनेक्शन नाकारलं, ४ असेल तर त्या मशीनपर्यंत पोचताच आलं नाही.

इथे नवीन लोकांची पहिली चूक होते, माझीही झाली होती. प्रॉक्सीला टीसीपी कनेक्शन लागलं की प्रोग्रॅम लिहितो, ‘कनेक्टेड’. अरे, फक्त एक्स्चेंजने फोन उचललाय! मुंबईला अजून घंटीसुद्धा गेलेली नाही.

[०६:१०]

आता इव्हेंटवर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे काय? ट्रंक कॉल बुक करून रिसीव्हर कानाला लावून चार तास उभा राहणारा माणूस, हा साधा प्रोग्रॅम. त्याला दहा कॉल करायचे तर दहा माणसं लागतील, म्हणजे दहा थ्रेड. दहाही कॉल बुक करून घरात केर काढणारा, भात लावणारा, आणि घंटी वाजली की तेवढी उचलणारा एकच माणूस, हा इव्हेंट लूप. घंटी म्हणजे इव्हेंट. ही कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये ‘सिलेक्ट’ १९८३ च्या सुमारास आलं, लिनक्सचं ‘ईपोल’ २००२ मध्ये. नोड जेएस २००९ चं, पायथनमधलं असिंकआयओ २०१४ चं. तुमच्या फोनमधलं जवळजवळ प्रत्येक ॲप असंच चालतं, नाहीतर फोटो लोड होईपर्यंत स्क्रीन गोठली असती.

या माणसाचा नियम एकच: कुठल्याही एका फोनवर अडून उभं राहायचं नाही. आणि प्रॉक्सीचं संभाषण तर टप्प्याटप्प्याचं. आधी एक्स्चेंजने उचलायची वाट बघा, मग नंबर सांगा, मग ‘बोला’ची वाट बघा, मग पलीकडच्याशी टीएलएसची ओळख-पाळख, मग खरं बोलणं. प्रत्येक ‘वाट बघा’च्या जागी माणूस उठून दुसरं काम करतो. परत आल्यावर त्याला आठवायला हवं की या कॉलमध्ये आपण कितव्या टप्प्यावर होतो. पूर्वी हे सगळं कॉलबॅक लावून हाताने सांभाळायला लागायचं. आता ‘अवेट’ लिहिलं की कोड सरळ रेषेत वाचता येतो. पण लक्षात ठेवा, प्रत्येक ‘अवेट’ म्हणजे एक घंटी, जी वाजेल असं आपण गृहीत धरलंय.

आता माझा बग सांगतो. त्या रात्री बॉटने प्रॉक्सीला कनेक्शन लावलं. प्रॉक्सीने उचललं. बॉटने ‘कनेक्ट’ची ओळ पाठवली. नेमकी त्याच क्षणी तिथली लाइट गेली आणि प्रॉक्सीचं मशीन बंद पडलं. बॉटचं मशीन बॅटरीवर होतं, ते चालू राहिलं. थोड्या वेळाने लाइट आली, प्रॉक्सी पुन्हा उठली, पण तिला आधीचं काही आठवत नव्हतं. एक्स्चेंजची बुकिंगची वही जळाली म्हणा ना. आणि माझा बॉट उत्तराची वाट बघत बसला.

किती वेळ? कायमचा. टीसीपीचं हे वागणं ऐकून पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. समोरचं मशीन निरोप न देता मेलं आणि आपण काहीच पाठवत नसू, नुसते वाचायला बसलो असू, तर आपल्याला कधीच कळत नाही. ‘कीप-अलाइव्ह’ नावाची तपासणी असते, पण ती आपणहून चालू करावी लागते. चालू केली तरी लिनक्सवर पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते.

मग पहाटेचा मेसेज कसा आला? तर ते दुसरं काम होतं, त्याच लूपमधलं. ५ वाजता ते जागं झालं, त्याने नवीन कनेक्शन लावलं, प्रॉक्सी आता ठणठणीत होती, मेसेज गेला. साधा, एकाच कॉलवर अडून बसणारा प्रोग्रॅम असता तर तो पूर्ण लटकला असता, पहाटेची ओळ आलीच नसती, आणि काकांनी मला फोन केला असता. लूप हुशार होता म्हणून घोटाळा झाला. एका कॉलची घंटी कधीच वाजणार नव्हती, पण माणूस घरात केर काढत होता, भात लावत होता. बाहेरून डोकावणाऱ्याला वाटलं, सगळं व्यवस्थित आहे.

[०९:४०]

दुरुस्ती करताना आणखी बऱ्याच गोष्टी सापडल्या. खरं सांगतो, थोडी लाजच वाटली.

पहिली, अर्धवट उत्तर. मी प्रॉक्सीच्या उत्तरासाठी लिहिलं होतं, ‘१०२४ बाइटपर्यंत वाच’, आणि जे हाती येईल तेच पूर्ण उत्तर असं मानलं होतं. टीसीपी हा पाण्याचा नळ आहे, टँकर नव्हे. सॉक्सचं १० बाइटचं उत्तर आधी ४ आणि मग ६ असं येऊ शकतं. शिवाय ते दर वेळी १० बाइटचं असेल असंही नाही. चौथा बाइट सांगतो पुढे कुठल्या प्रकारचा पत्ता आहे. जुना आयपी असेल तर एकूण १०, नवा आयपीव्ही६ असेल तर २२, नाव असेल तर नावाच्या लांबीप्रमाणे. म्हणून आधी पहिले ४ बाइट नेमके वाचायचे, मग ठरवायचं. लॅबमध्ये प्रॉक्सी शेजारच्याच खोलीत, त्यामुळे उत्तर नेहमी अखंड यायचं आणि टेस्ट पास व्हायच्या. नेटवर्क हळू झालं की हा बग डोकं वर काढतो.

याचीच दुसरी बाजू, जास्तीचं उत्तर. काही सर्व्हर आधी स्वतः बोलतात. एसएसएचला लावा किंवा ईमेलच्या एसएमटीपीला, ते आधी ‘मी अमुक’ म्हणतात. कधीकधी ते पहिले शब्द प्रॉक्सीच्या ‘बोला’ला चिकटून एकत्रच येतात. तुम्ही ‘बोला’ वाचून उरलेले बाइट फेकलेत, तर तुम्ही त्याच्या नमस्काराची वाट बघणार आणि तो तुमच्या. दोघंही सभ्य, कुणीच बोलत नाही. असिंकआयओत ‘रीड-एक्झॅक्टली’ आणि ‘रीड-अंटिल’ उरलेलं बफरमध्ये सांभाळून ठेवतात, ते वापरा.

मग डीएनएस. सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता कुणी शोधायचा, आपण की प्रॉक्सीने? प्रॉक्सीमागच्या नेटवर्कवर बाहेरची नावं आतून बरेचदा सापडतच नाहीत. मी मात्र आधी स्वतः नाव शोधत होतो, तेही साध्या, अडवून ठेवणाऱ्या फंक्शनने. ते एक फंक्शन उत्तर शोधत बसलं की अख्खा लूप थांबला, केरही नाही आणि भातही नाही. काम सोपं होतं: नाव जसंच्या तसं प्रॉक्सीला द्यायचं, शोधेल ती. कर्लमध्ये सॉक्स५ लिहिलं तर नाव तुमच्या मशीनवर शोधलं जातं, त्याच शब्दाला शेवटी एच जोडला तर प्रॉक्सीवर. एका अक्षराचा फरक. नोडवाल्यांसाठी सांगून ठेवतो: तिथे नाव शोधायचं नेहमीचं काम लूपबाहेर चार थ्रेडवर चालतं. मोजकी नावं अडकली की पुढचं रांगेत.

टीएलएसचं थोडक्यात. ‘बोला’ आल्यावरच टीएलएस सुरू करायचं, आणि सर्टिफिकेट तपासताना नाव पलीकडच्या सर्व्हरचं द्यायचं, प्रॉक्सीचं नाही. हे चुकलं की एरर येते. मग नेटवर कुणीतरी सल्ला देतो की तपासणीच बंद कर. करू नका. मध्ये कुणी बसून खोटा इशारा पाठवला, किंवा खरा काढून टाकला, तर तुम्हाला कळणारही नाही. पायथनमध्ये चालू कनेक्शनवर टीएलएस चढवायची सोय लूपमध्ये ३.७ पासून आहे. ‘स्ट्रीमरायटर’ला ती ३.११ मध्ये मिळाली, आणि तिथे वापरायला जास्त सोपी आहे.

[१२:५०]

आता कुणीतरी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? प्रॉक्सीचेन्स वापर, कोडला हात न लावता सगळं प्रॉक्सीतून जाईल. बरोबर आहे, मीही वापरतो, पण छोट्या कमांडसाठी. ते काय करतं, तर तुमच्या प्रोग्रॅमच्या ‘कनेक्ट’ फंक्शनच्या जागी गुपचूप स्वतःचं बसवतं. इव्हेंटवाल्या प्रोग्रॅमची अपेक्षा असते की ‘कनेक्ट’ लगेच परत येईल आणि म्हणेल, ‘काम चालू आहे, घंटी वाजली की ये’. हे मधलं फंक्शन मात्र सॉकेटला तात्पुरतं अडवून ठेवणारं बनवतं, प्रॉक्सीशी पूर्ण बोलणं उरकतं आणि मगच परत येतं. तेवढा वेळ लूप गप्प. एका कनेक्शनला ठीक आहे, पन्नासांना नाही.

प्रॉक्सीचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला की काम झालं, असाही समज असतो. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ते वाचते. एआयओएचटीटीपी आपणहून वाचत नाही, तिला ‘ट्रस्ट-एन्व्ह’ चालू करून सांगावं लागतं. मी तासभर टर्मिनलकडे बघत बसलो होतो, मग कळलं.

मूळ बगवर उपाय काय? टाइमआउट. पण कसा, ते महत्त्वाचं. प्रत्येक टप्प्याला वेगळे ३० सेकंद दिले तर पाच टप्प्यांचे अडीच मिनिटं होतात. त्यात प्रॉक्सी एकेक बाइट थेंबाथेंबाने देत राहिली आणि तुम्ही दर बाइटला घड्याळ पुन्हा शून्यावर आणलंत, तर ते संपणारच नाही. म्हणून एक्स्चेंजला फोन लावल्यापासून टीएलएस होईपर्यंत सगळ्याला मिळून एकच मुदत. माझ्या बॉटमध्ये ती ३० सेकंद आहे. संपली की सॉकेट बंद, आणि कितव्या टप्प्यावर संपली ते लॉगमध्ये. ‘प्रॉक्सीने उचललं नाही’, ‘प्रॉक्सीने उचललं पण उत्तर नाही’ आणि ‘प्रॉक्सी म्हणते पलीकडचा सापडत नाही’ ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींना ‘नेटवर्क एरर’ असं एकच नाव दिलं तर रात्री २ वाजता कुणाला उठवायचं तेच कळत नाही.

दुसरी दुरुस्ती पहाटेच्या ओळीची. ‘बॉट चालू आहे’ या वाक्याचा काकांना शून्य उपयोग. आता ती ओळ सांगते, ‘शेवटची माहिती रात्री ४:३० ची. इशारा नाही.’ किंवा ‘इशारा आहे’, आणि मग काय तो. माहिती ३ तासांपेक्षा जुनी असेल तर ओळ बदलते: ‘ताजी माहिती मिळालेली नाही. बावटा बघा, बंदरावर विचारा.’

पण मग लक्षात आलं, प्रॉक्सीच बंद असेल तर ‘माहिती मिळालेली नाही’ हा मेसेजसुद्धा तिच्यातूनच जाणार ना? जाणार कसा? म्हणून एक जुना फोन घरी मोबाइल डेटावर ठेवलाय, त्याचा प्रॉक्सीशी संबंध नाही. बॉट त्याच्याकडे दर अर्ध्या तासाने हजेरी लावतो, तीही फक्त ताजी माहिती खरंच हाती आली असेल तरच. तीन तास हजेरी नाही लागली की फोन स्वतःहून ग्रुपवर बोलतो. तोही बंद पडू शकतो, हो. म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की ५:१५ पर्यंत ओळ आली नाही, तर त्या दिवशी बॉट नाही असं धरायचं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी असं, तीन आठवड्यांनी दिलं. ते म्हणाले, ‘हा, आता बराबर.’ आणि मग, ‘पन बावटा मी बघनारच.’

बघाच, काका.

[१५:३०]

शेवटी घरी करून बघण्यासारखं एक. लॅपटॉपवर कुठलीही छोटी प्रॉक्सी चालवा, तुमचा प्रोग्रॅम तिच्यातून बाहेर जाऊ द्या. मग प्रॉक्सीला मारू नका, गोठवा: तिच्या प्रोसेसला सिगस्टॉप हा सिग्नल पाठवा. लिनक्सवर ‘किल’ कमांडनेच जातो. गोठलेल्या प्रॉक्सीच्या वतीने कर्नल नवीन टीसीपी कनेक्शन घेत राहतो, म्हणजे एक्स्चेंज फोन उचलतंय पण ऑपरेटर खुर्चीतच झोपलाय. आता तुमचा प्रोग्रॅम काय करतो ते घड्याळ लावून बघा. ३० सेकंदांत ‘उत्तर नाही’ म्हणाला तर छान. दहा मिनिटांनीही नुसता फिरणारा गोल दाखवत असेल, तर त्यात माझाच बग आहे. सिगकाँट पाठवला की प्रॉक्सी पुन्हा जागी होते, तेव्हाही बघा, जुनी उत्तरं उशिरा आल्यावर प्रोग्रॅम गोंधळतो का. माझा गोंधळला होता. बंद केलेल्या कॉलचं उत्तर त्याने नव्या कॉलला लावलं होतं. ती गोष्ट पुढच्या भागात.